कोणाच्या जमा, कोणाच्या नावे?
शेगावच्या खारपाणपट्ट्यात सुखसोयींचा हिशेब

मुंबई-नागपूर लोहमार्गावर शेगाव स्थानक आले की गाडीतून भाविकांचे थवे उतरतात. श्री गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी येथे समाधी घेतली आणि वऱ्हाडातील हे लहानसे गाव महाराष्ट्राच्या नकाशावर तीर्थक्षेत्र म्हणून कायमचे कोरले गेले. दर्शनाची शिस्त, मंदिर परिसराची स्वच्छता आणि परतीच्या वाटेवर हातात गरम कचोरीचा पुडा, एवढी शेगावची ओळख घेऊन बहुतेक प्रवासी परत फिरतात. गावाच्या उत्तरेस काही कोसांवर पूर्णा नदी वाहते. तिच्या काठच्या विहिरींचे पाणी ओंजळीत घेऊन ओठांना लावले की शेगावची दुसरी ओळख होते. ते पाणी खारट आहे.

समुद्र येथून शेकडो कोस दूर आहे. तरीही अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातील सुमारे पावणेपाच लाख हेक्टर भूमी ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखली जाते. काळी, चिकण, खोल माती. पाण्याचा निचरा अत्यंत मंद. आणि भूगर्भात साठून राहिलेले क्षार. या पाण्याने तहान भागत नाही आणि पीकही भिजवता येत नाही. भिजवलेच तर जमीन कडक होते व वर पांढरी साय धरते. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या गावांतून वर्षानुवर्षे ऐकू येतात. आकाशातून पडणारे पाणी हेच येथील एकमेव गोड पाणी होय. म्हणून पावसाचे वेळापत्रक बिघडते, तेव्हा ते सर्वांत आधी येथेच जाणवते.

निसर्गाच्या खात्यातील उलथापालथ

२०२४ हे वर्ष तापमानाच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिक युगाच्या पूर्वीच्या सरासरीहून पृथ्वी त्या वर्षी सुमारे दीड अंशाने अधिक तापलेली होती. दीड अंश ही संख्या ऐकण्यास किरकोळ वाटते; परंतु उष्ण हवा अधिक बाष्प धरून ठेवते आणि मग ते बाष्प थोड्या दिवसांत, थोड्या तासांत ओतून मोकळी होते. पावसाची वार्षिक बेरीज फारशी न बदलताही दोन पावसांतील खंड लांबतो आणि सरी मात्र प्रलयासारख्या कोसळतात.

जुलै २०२३ च्या उत्तरार्धात बुलढाणा जिल्ह्याने याचा अनुभव घेतला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एकाएकी झालेल्या अतिवृष्टीने नद्या-नाले पात्र सोडून शेतांत शिरले. पेरलेले बियाणे तर गेलेच, पण जी माती पुन्हा पेरण्यासाठी उरायला हवी होती तीही अनेक शेतांतून खरडून गेली. व्यापाऱ्यास हे सहज उमजावे: एका हंगामाचा नफा बुडणे वेगळे आणि भांडवलच वाहून जाणे वेगळे.

शासनालाही या संकटाची दखल घ्यावी लागली. विदर्भ-मराठवाड्यातील शेती बदलत्या हवामानात तगून राहावी यासाठी २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ हाती घेण्यात आला आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील गावे त्यात आवर्जून समाविष्ट केली गेली. शेततळी, बांधबंदिस्ती, कमी पाण्यावर तग धरणारे वाण ही त्यातील मुख्य कामे. जेथे भूजल निरुपयोगी आहे, तेथे पावसाचा थेंब अडवून ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

निवड ज्यांच्या हाती नाही

२०२४ चा डिसेंबर सरता सरता आणि २०२५ चा जानेवारी उजाडता शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांची नावे अचानक देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. धडधाकट माणसांचे केस काही दिवसांत मुळासकट गळू लागले होते. स्त्रिया, शाळकरी मुले, म्हातारी माणसे, कोणीही सुटले नाही. संशय प्रथम खाऱ्या पाण्यावर गेला आणि नमुने तपासले गेले. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांत जाऊन अभ्यास केला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य प्रमाणाबाहेर वाढले असून स्वस्त धान्य दुकानातून मिळालेल्या, पंजाबकडून आलेल्या गव्हात त्याचे मूळ आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. शिवालिक पर्वताच्या पायथ्याशी काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम अधिक असते, ही गोष्ट मृदाशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

या घटनेचा संबंध थेट हवामानबदलाशी जोडणे योग्य होणार नाही. तरी पर्यावरणीय न्यायाचा प्रश्न ती अतिशय स्पष्टपणे पुढे ठेवते. दूरच्या भूमीतील दोष गव्हाच्या पोत्यातून येथे आला आणि ज्यांना दुसरा गहू विकत घेणे परवडत नव्हते त्यांच्याच ताटात पडला. सधन घरात गहू पसंतीने येतो: शरबती की लोकवन, कोणत्या गावचा, कोणत्या दलालाकडचा. पाणी खारे असेल तर शुद्धीकरण यंत्र बसते, तेही पुरेसे वाटले नाही तर पाण्याचे जार येतात. उन्हाळा असह्य झाला तर वातानुकूलन आहे आणि तेवढ्यानेही भागले नाही तर थंड हवेचे ठिकाण आहे. संकट सर्वांवर सारखेच कोसळते असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात ज्याच्या हाती निवड आहे तो बाजूला सरकतो आणि ज्याच्या हाती ती नाही त्याच्यावर त्याचा संपूर्ण भार येतो.

पारसची चिमणी

शेगावहून अकोल्याकडे निघालेल्या गाडीच्या खिडकीतून थोड्याच वेळात पारस औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात. ५०० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र कोळशावर चालते. शहरातील बैठकीच्या खोलीत कळ दाबली की सुख येते; त्याची किंमत मोजण्याची जागा मात्र अशा ठिकाणी असते, जेथे कोळशाच्या वाघिणी रित्या होतात, नदीचे पाणी वापरले जाते आणि राख साठत जाते.

व्यापारी कुटुंबास आकड्यांची भीती नसते, म्हणून हा हिशेब मांडून पाहावा. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तासाला साधारण सव्वा ते दीड युनिट वीज घेते. रात्रीचे आठ तास ते चालले तर दहा-बारा युनिट होतात. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करण्यास सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि त्यातून जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजे एका खोलीतील एका यंत्रापायी महिन्याकाठी सुमारे दोन क्विंटल कोळसा. हा कोळसा पोत्यात भरून दारात आणून टाकला असता, तर कदाचित कोणत्याही गृहिणीने इतका वापर होऊ दिला नसता. तो तारेतून येतो, म्हणून दिसत नाही.

यंत्र खोलीतील उष्णता नाहीशी करत नाही; ती बाहेर गल्लीत टाकते. त्या गल्लीत भाजीची गाडी घेऊन उभा असलेला माणूस किंवा पत्र्याच्या छपराखाली झोपणारे कुटुंब ती उष्णता घेते. शिवाय या यंत्रांत वापरले जाणारे काही वायू गळून हवेत मिसळले तर त्यांची पृथ्वी तापविण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो, काहींच्या बाबतीत दोन हजार पटींपर्यंत असते. दुरुस्तीस आलेल्या कारागिराने वायू मोकळा सोडून नवा भरला, की हा खर्चही अदृश्यपणे कोणाच्या तरी नावे पडतो.

जगाकडे मागितलेला न्याय

१९९२ मध्ये रिओ येथे झालेल्या परिषदेपासून भारत एक भूमिका सातत्याने मांडत आला आहे. पृथ्वी वाचविण्याची जबाबदारी सर्वांची सामाईक आहे, परंतु ती सर्वांची समान नाही. ज्यांनी शतकभर धूर सोडून संपत्ती मिळविली, त्यांनी अधिक भार उचलावा. ही भूमिका न्याय्य आहे. अमेरिकेतील माणसामागे वर्षाला सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतीय माणसामागे सुमारे दोन टन. २०२२ साली इजिप्तमधील शर्म अल-शेख येथील परिषदेत, हवामानाच्या आघाताने होणाऱ्या हानीसाठी गरीब देशांना साहाय्य करणारा निधी उभारण्याचे मान्य झाले, तेही याच युक्तिवादाच्या बळावर.

मात्र ‘सरासरी भारतीय’ हा केवळ कागदावरचा माणूस आहे. दोन टनांच्या सरासरीत बोंडगावची मजूर स्त्री आहे आणि दोन मोटारी, चार वातानुकूलन यंत्रे व वर्षाकाठी एक परदेशवारी असलेले कुटुंबही आहे. मुंबईहून लंडनला विमानाने जाऊन येण्यात एका प्रवाशामागे साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. सरासरी भारतीयाच्या अर्ध्या वर्षाचा वाटा एका सहलीत संपतो! जगभरातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक एकूण उत्सर्जनाच्या जवळपास निम्म्यास कारणीभूत आहेत, असे ऑक्सफॅम या संस्थेचे अहवाल सांगतात. या दहा टक्क्यांत केवळ न्यूयॉर्क आणि लंडनची माणसे नाहीत. मुंबई, पुणे, नागपूर, जळगाव येथील सुस्थित घरेही हळूहळू त्या पंक्तीत येऊन बसत आहेत. अमेरिकेकडे जो न्याय मागायचा, तोच न्याय पूर्णाकाठच्या गावांना द्यायला नको काय?

शाकाहाराची जमा बाजू

हिशेब करताना जमा बाजूही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. जैन कुटुंबाचा शाकाहार हे पर्यावरणाच्या दृष्टीने मोठे देणे आहे. मांसासाठी केल्या जाणाऱ्या पशुपालनाला लागणारी जमीन, पाणी व चारा पाहता, डाळ-भाकरीचे ताट पृथ्वीवर फार थोडा भार टाकते. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, पाणी गाळून वापरणे, गाळणीत राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीतून पाणी आणले त्याच विहिरीत अलगद परत सोडणे, ही जुनी ‘जयणा’ केवळ कर्मकांड नव्हती. पाण्यातही जीव आहे आणि पाणी स्वतःही जीव आहे, या श्रद्धेतून आलेली ती काटकसर होती. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांच्या हिंसेचा विचार आचारांगसूत्राच्या पहिल्याच अध्ययनात येतो. पर्यावरण हा शब्द प्रचारात येण्यापूर्वी कित्येक शतके हा विचार मांडला गेला होता.

परंतु एका जमेवर किती खर्च टाकायचा, यालाही मर्यादा आहे. ताट सात्त्विक आहे, पण विवाहसमारंभात त्या ताटाशेजारी साठ-सत्तर पदार्थांचे मेज मांडले जाते आणि अर्धे अन्न उकिरड्यावर जाते. वाया गेलेले अन्न हे केवळ अन्न नसते. त्यामागचे पाणी, खत, डिझेल आणि मजुरी हे सारेच वाया जाते. जगातील हरितगृह वायूंपैकी आठ ते दहा टक्के वायू अन्नाच्या नासाडीशी निगडित आहेत, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. पर्युषणात हिरव्या भाजीचा त्याग करणारे घर दिवाळीत कपाटात न मावणारे कपडे आणते, हा विरोधाभास नव्या पिढीच्या मुलामुलींच्या नजरेतून सुटत नाही. एका सुती सदऱ्यामागे जागतिक सरासरीने सुमारे २७०० लिटर पाणी लागते. वऱ्हाडातील बहुतांश कापूस पावसावरच वाढतो, म्हणून येथे तो भार धरणावर नव्हे तर शेतकऱ्याच्या नशिबावर पडतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला, तेव्हा हे नशीब किती नाजूक आहे ते सर्वांनी पाहिले.

मशीनने काढलेला गाळ

याच बुलढाणा जिल्ह्यात समाजाच्या कर्तृत्वाचा एक उजळ अध्यायही आहे. लातूरच्या भूकंपानंतर अनाथ व आपद्ग्रस्त मुलांना पुण्यात आणून शिकविणाऱ्या भारतीय जैन संघटनेने, शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने, २०१८ मध्ये ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ हे अभियान हाती घेतले. जिल्हा दुष्काळमुक्त करण्याचा संकल्प होता. शंभराहून अधिक जेसीबी व पोकलेन यंत्रे संघटनेने उभी केली, इंधनाचा भार शासनाने उचलला आणि निघालेला सुपीक गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने आपल्या शेतांत नेऊन टाकला. धरण-तलावांचे पोट मोकळे झाले, पडीक व हलक्या जमिनींना काळी माती मिळाली. राष्ट्रीय महामार्गाच्या बांधणीस लागणारी माती तलाव खोदूनच घ्यावी, म्हणजे रस्ताही होतो आणि पाणीही साठते, ही पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून पुढे नावाजली गेली.

या कामाचे मोल मोठे आहे, कारण त्यात दाता, शासन आणि शेतकरी असे तिघेही भागीदार होते. कोणी कोणाच्या उपकाराखाली राहिला नाही. परंतु गाळ दरवर्षी नव्याने येतो. अतिवृष्टीने शेतांची माती खरडली की ती पुन्हा तलावातच जाऊन बसते. एका हाताने गाळ काढावयाचा आणि दुसऱ्या हाताने गाळ आणणारा पाऊस वाढवीत राहावयाचे, हा व्यवहार कोणत्याही पेढीवर चालणार नाही. दान हे मिळकतीच्या शेवटी येते, न्याय मात्र मिळकतीच्या आणि उपभोगाच्या पद्धतीतच असावा लागतो.

चौदा नियमांचे नवे रूप

यासाठी परक्या देशातून कोणतेही तत्त्वज्ञान आणण्याची गरज नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाचे परिमाण आहे, प्रवासाच्या दिशांची मर्यादा आहे, भोग-उपभोगाचे प्रमाण आहे आणि निष्कारण हिंसा टाळण्याचे अनर्थदंड-विरमण आहे. दररोज सकाळी चौदा नियम धारण करणारी वडीलधारी मंडळी आजही अनेक घरांत आहेत. आज इतकीच द्रव्ये, इतकीच वस्त्रे, इतकीच वाहने, इतकेच स्नानाचे पाणी. आजीबाईंच्या तोंडून हे ऐकताना नातवंडांना ती जुनाट सवय वाटते. प्रत्यक्षात माणसामागे किती वापर असावा याचा दैनंदिन अंदाजपत्रकासारखा हिशेब त्यात आहे आणि तो शिक्षेच्या भयाने नव्हे, तर स्वेच्छेने केलेला आहे.

घरातील वाहनाच्या नियमात मोटारीच्या किलोमीटरची मर्यादा सहज बसते. वस्त्राच्या नियमात वर्षाच्या खरेदीची, स्नानाच्या नियमात शॉवरच्या मिनिटांची. वातानुकूलनाचा आकडा २० ऐवजी २६ वर ठेवून पंखा लावला तर झोप मोडत नाही, वीज मात्र पुष्कळ वाचते. विवाहातील पदार्थांची संख्या श्रीसंघाने ठरवून दिली, तर मध्यमवर्गीय कुटुंबांचे कर्जही वाचेल. मोठ्या घरांनी ती पाळली तरच लहान घरांना ती पाळण्याचे धैर्य होईल.

दुकान, जिनिंग, डाळमिल आणि अडत यांच्या बाबतीत प्रश्न अधिक जवळचा आहे. शेगाव-खामगाव परिसराची भरभराट कापसाने केली. १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचलेला लोहमार्ग मुख्यतः याच कापसासाठी होता, आणि मारवाड-गुजरातेतून आलेल्या अनेक घराण्यांच्या पेढ्या त्याच वाटेने येथे रुजल्या. वैशाखात, पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना, बाजार समितीच्या आवारात पाठीवर पोते घेऊन चालणारा हमाल आजही आहे. पेढीच्या आत थंडावा असतो आणि त्याचा झोत बाहेर त्याच हमालाच्या अंगावर येतो. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी-हमालांसाठी कायदा केला, परंतु उन्हाची वेळ टाळून पहाटे व सायंकाळी माल उतरविणे, सावलीची शेड, थंड पिण्याचे पाणी, दुपारची सक्तीची विश्रांती या गोष्टींना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मोठी छपरे असलेल्या गिरण्यांना सौरऊर्जा परवडते आणि त्याच छपरांवरचे पावसाचे पाणी साठविता येते. खारपाणपट्ट्यात छपरावरचे हे गोड पाणी सोन्याच्या मोलाचे आहे.

खाऱ्या पाण्याच्या गावाला शुद्धीकरण यंत्र भेट देताना आणखी एक विचार हवा. असे यंत्र जितके गोड पाणी देते, त्यासोबत पुष्कळसे अधिक खारट पाणी बाहेर टाकते. ते कोठे सोडावयाचे, यंत्राची देखभाल कोणी करावयाची आणि दोन वर्षांनी ते बंद पडले तर काय, हे गावाला विचारूनच ठरले पाहिजे. उद्घाटनाच्या फलकावर दात्याचे नाव कोरण्याआधी गावातील पाणी भरणाऱ्या बायकांचे म्हणणे ऐकले जावे.

नव्या वहीचे पहिले पान

उमास्वातींनी सर्व जीव परस्परांच्या उपकारावर जगतात असे सूत्ररूपाने सांगितले, आणि जैन प्रतीकाच्या तळाशी तेच तत्त्व विराजमान आहे. संवत्सरीच्या दिवशी समस्त जीवराशीची क्षमा मागितली जाते. त्यात पृथ्वीकाय आणि अप्काय जीवही येतात, बोंडगावची स्त्री आणि पत्र्याच्या घरातील हमालही येतो. क्षमा मागणे म्हणजे देणे मान्य करणे होय. देणे मान्य केल्यावर ते फेडण्याची मुदत ठरवावी लागते, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही.

दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या पर्वावर, नव्या वह्यांचे पूजन होते. पहिल्या पानावर कुंकवाने शुभ आणि लाभ लिहिले जाते. यंदा त्याच वहीत एक लहानसे खाते घराने स्वतःसाठी उघडावे: महिन्याची विजेची युनिटे, मोटारीचे पेट्रोल, विमानाच्या फेऱ्या, विकत घेतलेले कपडे, टाकून दिलेले अन्न. ते कोणाला दाखवावयाचे नाही. पुढच्या दिवाळीला घरातील सर्वांनी एकत्र बसून दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत, आणि जेवढी बचत निघेल तेवढी रक्कम पूर्णाकाठच्या एखाद्या गावाच्या शेततळ्याकडे वळवावी. ती रक्कम त्या वहीत दानाच्या सदरात न लिहिता, परतफेडीच्या सदरात लिहावी.